आरोपी नामा यास मारू नये बाबत

सोनाबाई गायकवाड पहिल्यांदा आमच्या घरी आल्या त्या टीव्हीवरच्या एका फरारी टेंपोवाल्याला बघायला. दारात त्यांनी चपला काढल्या, भिंतीला लावून जोडीनं नीट ठेवल्या आणि विचारलं, "मास्तरीणबाई, तुमच्याकडं तो नामा दिसतो म्हनं?"

कोर्टात नोकरी करणारी बाई दारात उभी राहून कुणाचं नाव घेऊन चौकशी करू लागली की आधी नाही म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. मी घाईघाईनं म्हटलं, "इथं कुणी नामा राहत नाही हो." तेव्हा आतून हमीदभाई ओरडले, "अवो मास्तरीणबाई, टीव्हीतला नामा! येऊ द्या त्यांना, पाच मिन्टांत चालू व्हईल."

ही ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. मी तेव्हा कर्जतला प्राथमिक शाळेत शिकवत होते. आमच्या आळीत टीव्ही एकट्या आमच्याकडे होता. लाकडी खोक्यातला, सरकत्या दारांचा, काळा-पांढरा. तो आम्हाला हमीदभाईंनीच विकला होता. स्टेशनजवळ त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि विकलेल्या वस्तूची काळजी जन्मभर वाहायची असते अशा थाटात ते दर शुक्रवारी संध्याकाळी सातला आमच्या बैठकीत हजर असत. मुंबईहून निघालेलं चित्र माथेरानचा डोंगर ओलांडून आमच्यापर्यंत पोचायचं म्हणजे त्याचे हाल व्हायचे. मग आमचे हे कौलांवर चढून अँटेना फिरवत आणि वरून विचारत, "आलं का?" आम्ही खालून एका सुरात "नाही!" म्हणायचो. "आलं!" म्हटलं की हे ज्या अवस्थेत असतील त्याच अवस्थेत दांडा धरून उभे. मालिकेचे निम्मे भाग माझ्या नवऱ्यानं छपरावरून नुसते ऐकले आहेत.

मालिकेचं खरं नाव आता मला आठवत नाही. तिला सगळे 'नामा'च म्हणत. नामा हा टेंपो चालवणारा तरुण पोरगा. पहिल्याच भागात चोरीचा माल घेऊन पळताना तो एका सायकलवाल्याला उडवतो आणि न थांबता निघून जातो. ते लपवायला दुसरा गुन्हा, तो लपवायला तिसरा, असं करत पोरगा रुतत जातो. मागावर एक इन्स्पेक्टर असतो, परीटघडीच्या कपड्यातला.

म्हणूनच सोनाबाईंना दारात पाहून मला बरं वाटलं नाही, हे कबूल करते. त्यांचं काय झालं होतं ते कर्जतमध्ये सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा नवरा, बाबू गायकवाड, कोर्टात बेलीफ होता. समन्स घेऊन सायकलवर गावोगाव जायचा. बारा वर्षांपूर्वी चौक गावाच्या रस्त्यावर संध्याकाळी त्याला एका ट्रकनं उडवलं. पहाटे गवत कापायला निघालेल्या बायकांना तो रस्त्याकडेला दिसला, तेव्हा तो गेलेला होता. ट्रक दुसऱ्या दिवशी खोपोलीजवळ बेवारस सापडला. मालकानं ड्रायव्हरचं नाव सांगितलं, पण ड्रायव्हर घाटावर गेला तो गेलाच. आरोपी नाही म्हणून खटला तसाच थांबून राहिला. नवऱ्याच्या जागी सोनाबाईंना शिपाई म्हणून घेतलं आणि त्यांना मुद्देमालाच्या खोलीचं काम दिलं. खटल्यातल्या जप्त वस्तू जिथे निकालापर्यंत सांभाळून ठेवतात ती ही खोली. तिथे बाकीच्या वस्तूंत बाबूची सायकलही होती. खटला संपेपर्यंत ती हलवायची नव्हती.

आणि ही बाई सायकलवाल्याला उडवून पळालेल्या माणसाची गोष्ट बघायला आमच्या दारात उभी. "आत या, खुर्चीवर बसा," मी म्हटलं. त्या उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून, जमिनीवर बसल्या. "हितनं बेस दिसतंय," म्हणाल्या. बौद्धवाडीतल्या सोनाबाई तिथेच का बसल्या हे मला कळत होतं, आणि न कळल्यासारखं मी वागले. शेजारच्या वैद्यकाकू सोफ्यावर होत्या, त्यांनी पदर आवरून घेतला होता. पुढे कितीतरी शुक्रवार मी तेच एक वाक्य म्हणत राहिले आणि त्या तेच एक उत्तर देत राहिल्या. मी त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवायला हवं होतं.

पहिली दहा मिनिटं त्यांनी पडद्यावरून नजर हलवली नाही. मग पडद्यावर इन्स्पेक्टरनं जमिनीवरचा सुरा रुमालात उचलला आणि सरळ खिशात घातला.

"अरं ए!" सोनाबाई ओरडल्या. हमीदभाईंच्या बशीतला चहा सांडला. "खिशात काय घालतोस? पंच कुठं हायत? लेबल कुठंय? लाखेचं सील कोन लावनार, तुझा बा?"

त्या दिवसापासून आमच्याकडे नामा बघणं म्हणजे दोन कार्यक्रम बघणं झालं. एक पडद्यावर, एक उंबऱ्याशी. मालिकेतला गुन्हेगार कोण याच्याशी सोनाबाईंना फारसं देणंघेणं नसे. त्यांचं लक्ष वस्तूंवर. गोळीबार होऊन माणसं पळाली की आमची नजर माणसांमागे धावायची, सोनाबाई विचारायच्या, "त्या बाईची पिशवी ऱ्हायली ना तिथं?" पुढच्या भागात, त्याच्याही पुढच्या भागात त्या पिशवीची चौकशी चालू. "पिशवी गावली नाय अजून," असं त्या इतक्या काळजीनं सांगायच्या की मलाही आठवडाभर ती पिशवी डोळ्यांपुढे दिसायची.

त्यांच्या बोटांना लाखेचा वास यायचा. घरी काही दिलं की भांडं परत येताना दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी घेऊन यायचं: 'वाटी एक, काठ चेपलेला, मास्तरीणबाई यांची.' काठ आधीपासून चेपलेला आहे हे नोंदवून ठेवलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. नवरा गेल्यावर वाडीतल्या विहारात बायकांचा वर्ग चालायचा तिथे त्या लिहायला शिकल्या. अक्षर गोल, पोरीसारखं. शब्द मात्र सगळे कोर्टातले.

त्यांची कोंबडीची हकिगत तर कर्जतभर झालेली होती. कुणाच्या तरी भांडणात चोरीची म्हणून एक कोंबडी जप्त झाली. जिवंत मुद्देमाल खोलीत कोंडायचा कसा? म्हणून सोनाबाईंनी सांभाळायला घरी नेली. तारखा लांबल्या. कोंबडी खुडूक बसली. निकालाच्या दिवशी सोनाबाई एका खुराड्यात कोंबडी आणि सात पिल्लं घेऊन कोर्टात हजर. साहेब म्हणाले, "बाई, जप्त एकच झाली होती." या म्हणाल्या, "व्हय साहेब. पन तिची पिल्लं मी कुठल्या तोंडानं ठेवू?" ज्याला कोंबडी परत मिळाली तो माणूस म्हणे वाकून सोनाबाईंच्या पाया पडला. या गोष्टीवर हमीदभाई दरवेळी नव्यानं हसायचे.

ती खोली मी एकदाच पाहिली. आमची चोरीला गेलेली तांब्याची कळशी सापडली होती, ती ओळखायला गेले होते. एका खिडकीची खोली. कोयते, काठ्या, दोन रेडिओ, एक नायलॉनची साडी, एकच चप्पल. प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेलं लेबल. सोनाबाईंनी मला सगळं दाखवलं, पाहुण्यांना घरची माणसं दाखवावीत तसं. एक कोयता हातात घेऊन म्हणाल्या, "ह्याचा काय गुन्हा सांगा. भात कापायचा तो, दोन वर्सं हितं पडून हाय." कोपऱ्यात सायकल उभी होती. पुढचं चाक वाकडं झालेलं, पण दांड्यावर धुळीचा कण नव्हता. लेबलवरची शाई उडत चालली होती, तिच्यावरून त्यांनी पुन्हा पुन्हा पेन फिरवलेलं दिसत होतं.

"चाक सरळ नाही करून घेतलं?" मी विचारलं. विचारल्यावर जीभ चावली.

"तसं नाय करता येत," त्या शांतपणे म्हणाल्या. "जशी गावली तशीच ऱ्हायला पायजे. तो आला की त्याला दावायची ना."

बारा वर्षांनंतरही त्यांच्या बोलण्यात तो ड्रायव्हर 'आला की' असाच असायचा. 'आला तर' त्या कधी म्हणाल्या नाहीत.

आता नामाविषयी. त्या पोरानं आम्हाला इतकी भुरळ का घातली याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. इन्स्पेक्टर सद्गुणी होता, देखणा होता, आणि त्याच्यासाठी आमच्यापैकी कुणाचाही जीव कधी तुटला नाही. नामा खोटं बोलायचा, चोऱ्या करायचा, एकदा तर मित्राला तुरुंगात पाठवून स्वतः सुटला. आणि आम्ही त्याच्यासाठी देव पाण्यात घालून बसलेलो. हमीदभाईंना तो आवडायचा कारण कितीही घाईत असला तरी टेंपोची काच पुसल्याशिवाय तो गाडी काढत नसे. वैद्यकाकूंना आवडायचा कारण आईपुढे तो कधी बसून जेवत नसे. बसला तर ती निवांत विचारायला लागेल, म्हणून उभ्या उभ्या दोन घास खायचा आणि निघायचा. मला त्याचं खोटं बोलणं आवडायचं. इतकं वाईट खोटं बोलायचा की शाळेतली माझी मुलं आठवायची. चांगलं वागणाऱ्या माणसात आपल्याला स्वतःचं काही सापडत नाही. चुकणाऱ्यात प्रत्येकाला आपापलं सापडतं, असं मला वाटतं. काकूंना मी हे एकदा बोलून दाखवलं तर त्या आठवडाभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

सोनाबाईंना मात्र वेगळंच दिसलं होतं. एका शुक्रवारी त्या म्हणाल्या, "सायकल दिसली की तो हळू करतो. बघितलं का?"

आम्ही कुणीच बघितलं नव्हतं. पुढच्या भागात मी मुद्दाम लक्ष ठेवलं. खरंच. पोलीस मागे लागलेत, टेंपो भरधाव, आणि कडेनं एक सायकल चाललेली दिसली की टेंपोचा वेग जरा उतरायचा. एक क्षणभरच. याविषयी कुणी काही बोलत नाही, कॅमेराही तिकडे मुद्दाम जात नाही. सातव्या की आठव्या भागात ते आम्हा सगळ्यांना दिसायला लागलं, आणि मग नामाला माफ न करणं कुणाला शक्यच राहिलं नाही.

"ह्याला झोप नाय लागत," सोनाबाई म्हणायच्या. "ह्यो येनार बघा परत. त्या सायकलवाल्याच्या घरी."

शेवट जवळ आला तसा हमीदभाईंनी अंदाज सांगून टाकला. "बाई, नामा जानार. टीव्हीवाले असल्या मानसाला जिता सोडीत नायत. मारला की पब्लिक रडते, रडली की खूश."

सोनाबाई रविवारी सकाळी कागद घेऊन माझ्याकडे आल्या. पत्र त्यांनीच लिहिलं होतं, मी फक्त ऱ्हस्वदीर्घ बघून द्यायचं होतं. माझ्या ट्रंकेत त्याचा कच्चा मसुदा अजून आहे.

'मा. मालिका अधिकारी साहेब, टीव्ही केंद्र, मुंबई यांचे सेवेशी. अर्जदार: सोनाबाई बाबू गायकवाड, धंदा नोकरी. विषय: आरोपी नामा यास मारू नये बाबत. अर्जदार विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की, सदर आरोपीने सायकलस्वारास ठोकर दिली तेव्हा रस्त्यावर दुसरे कोणीही हजर नव्हते. सायकलस्वार लगेच मयत झाला किंवा कसे, त्याने पाणी मागितले किंवा कसे, कोणाचे नाव घेतले किंवा कसे, हे आरोपीशिवाय कोणासही माहीत नाही. मयताचे घरी बायको आहे. आरोपी मेल्यास तिला सांगणार कोण. सबब आरोपीस जिवंत ठेवून त्याने मयताचे घरी जावे असा हुकूम व्हावा. शिक्षा नंतर काय ती द्यावी.'

मी ते दोनदा वाचलं. ऱ्हस्वदीर्घाकडे माझं लक्षच गेलं नाही. बारा वर्षं या बाईला काय हवं होतं ते माझ्या हातात लिहिलेलं होतं. ड्रायव्हरला फाशी व्हावी, भरपाई मिळावी, असं काही त्यात नव्हतं. त्या संध्याकाळपासून पहाटेपर्यंत आपला माणूस रस्त्यावर कसा होता, एवढं त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

"चांगलं लिहिलंय," एवढंच मी म्हणू शकले. त्यांनी कनवटीतून कोर्ट फी स्टँप काढला, जिभेला लावला आणि पत्राच्या डोक्यावर चिकटवला.

"सोनाबाई, अहो हा कोर्टाचा स्टँप. टीव्हीवाल्यांना हा लागत नाही."

"असं कसं?" त्या म्हणाल्या. "बिनास्टँपाचा अर्ज कोन वाचतो?"

पाकिटावर पोस्टाचं तिकीट मी लावलं आणि पत्र आम्ही दोघींनी मिळून स्टेशनाबाहेरच्या पेटीत टाकलं. मालिका केव्हाच चित्रित होऊन डब्यात बंद असते, हे मला माहीत होतं. त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही.

शेवटच्या भागाला आमच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. हे वर अँटेनापाशी, दांडा धरून. नामा सगळ्या टोळीला फसवून टेंपो वळवतो. एका खेड्याच्या दिशेनं निघतो. सोनाबाई गुडघ्यांवर आल्या. "चालला," त्या पुटपुटल्या. "बघा, चालला तिच्याकडं." खाडीचा पूल आला. पुलाच्या पलीकडे पोलीस. नामा टेंपोतून उतरतो, हात वर करतो, पण टोळीतलाच कुणीतरी मागून गोळी घालतो. पोरगा पुलाच्या कठड्याशी कोसळतो. इन्स्पेक्टर टोपी काढतो. संगीत.

वैद्यकाकू हमसून हमसून रडत होत्या. मी रडत होते. हमीदभाई डोळे पुसत म्हणाले, "एक नंबर. असा शेवट पायजे."

"संपलं?" सोनाबाईंनी विचारलं. पडद्यावर नावं सरकत होती. त्या उठून उभ्या राहिल्या. एवढ्या भागांत पहिल्यांदाच त्या बैठकीच्या मधोमध आल्या. "मारला? आरं, तो येकटाच व्हता त्या रस्त्यावर! तुमी रडताय काय? तो मेला, सुटला. तिला आता सांगंल कोन?"

वरून ह्यांचा आवाज आला, "काय झालं? मेला का?" सोनाबाईंनी चपला घातल्या आणि त्या निघून गेल्या.

त्या रात्री आम्ही नेहमीसारखे जेवलो, याची मला अजून लाज वाटते. शेवट असा आवडतो कारण तो आपल्याला मोकळं करतो. रडावं, हात धुवावेत, पानावर बसावं. ज्या बाईचा सायकलवाला पहिल्या भागात मेला होता, ती त्या मालिकेत कुठल्याच भागात दिसली नव्हती, आणि हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

टीव्ही केंद्रातून उत्तर आलं नाही. सोनाबाईंनी महिनाभर वाट बघितली आणि म्हणाल्या, "अर्ज नामंजूर झाला असंल." नवीन मालिका सुरू झाली, त्या आल्या नाहीत. रस्त्यात भेटायच्या, बोलायच्या, पण शुक्रवार संपला तो संपला.

दोन वर्षांनी एका दुपारी त्या शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभ्या दिसल्या. मी बाहेर आले तशा म्हणाल्या, "तो आला."

कोण, ते विचारावं लागलं नाही. पोलिसांनी त्याला त्याच्या गावाहून आणलं होतं. आम्ही माझ्या घराच्या ओट्यावर बसलो. या वेळी मी त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं. त्यांनी सांगितलं ते असं.

"साहेब म्हनले, गायकवाडबाई, सायकल दुसरं कोनी आनंल, तुमी ऱ्हाऊ द्या. मी म्हटलं, साहेब, मुद्देमाल माझ्या ताब्यात हाय. मीच आननार. पुढचं चाक उचलून नेली कोर्टात. तो उभा व्हता. म्हातारा झालाय वो. मी डोळ्यापुढं कसा धरला व्हता त्याला, मोठा, मिशावाला. ह्यो तर वाळलेला. त्यानं सायकल बघितली आन साहेबानी इचारायच्या आधीच म्हनला, व्हय, हीच. समदं कबूल केलं.

"मंग भायेर पोलीस कागद करत व्हते. त्यानं पानी मागितलं. पानी द्यायचं काम शिपायाचं. दिलं मी. म्हटलं, मी त्यांची बायको. त्यानं तांब्या खाली ठेवला. म्हटलं, घाबरू नको, येकच इचारते. त्यांनी हाक मारली का? पानी मागितलं का? कोनाचं नाव घेतलं?"

रस्त्यावरून मुलं दप्तरं उडवत चालली होती.

"तर म्हनला, 'म्या थांबलोच न्हाई, बाई. मागं वळून बघितलंबी न्हाई.'"

चौदा वर्षं ज्याची वाट बघितली, त्याला काहीच माहीत नव्हतं.

"मी तिथंच पायरीवर बसले," त्या म्हणाल्या. "तर तोच खाली वाकला. मलाच इचारतो, 'बाई, ते लगी गेलं का वो? का लई येळ पडून व्हतं?' म्हनला, चौदा वर्सं डोळं मिटलं की हेच दिसतंय, ते पडल्यात आन हाका मारत्यात. सायकल दिसली की गाडी चालवता येईना, म्हनून धंदाच सोडला म्हनं."

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, लगेच गेले. कळलं पन नाय त्यांना."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. वाटीचा चेपलेला काठ लिहून ठेवणारी ही बाई. पंच नाहीत म्हणून टीव्हीतल्या इन्स्पेक्टरला झापणारी.

"पण सोनाबाई, तुम्हाला कुठं ठाऊक होतं ते?"

"नाय ना. पुरावा नाय त्याला काय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पन मी बोलले, आन माझ्याच कानांनी ऐकलं. इतक्या वर्सांत हे मला कोनीच सांगितलं नव्हतं, मास्तरीणबाई."

मग त्या रडल्या. मीही रडले, आणि या वेळी ते रडणं आवरून जेवायला बसावं असं मला वाटलं नाही.

निकाल झाला, शिक्षा झाली, अपिलाची मुदत गेली आणि सायकल वारसाला परत द्यायचा हुकूम निघाला. त्या दिवशीचं मला कोर्टातल्या कारकुनानं सांगितलं. पावतीवर दोन सह्या लागतात, वस्तू देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. कारकून म्हणाला, "देणार म्हणून मी सही करतो, बाई." सोनाबाई म्हणाल्या, "का? सांभाळली मी." आणि दोन्ही जागी त्यांनी आपल्या गोल अक्षरात आपलंच नाव लिहिलं.

त्या संध्याकाळी मी भाजी घेऊन परत येत होते. उल्हास नदीच्या पुलावर त्या मला पुढे चालताना दिसल्या. डाव्या हातानं हँडल धरून वाकडं चाक उचललेलं, सायकल मागच्या चाकावर चाललेली. लेबल अजून दांड्याला होतं. हाक मारावी असं मनात आलं, पण मारली नाही. समोरून एक ट्रक आला. पूल अरुंद होता. सोनाबाई सायकलसकट कठड्याला चिकटून थांबल्या आणि ट्रककडे तोंड करून उभ्या राहिल्या. ट्रकवाल्यानं त्यांना पाहिलं, गाडी अगदी हळू केली आणि अंग चोरून नेल्यासारखी बाजूनं काढली. सोनाबाईंनी त्याला हात केला. तो लांब गेल्यावर त्यांनी पुन्हा चाक उचललं आणि वाडीच्या रस्त्याला लागल्या.